पंधरा उणे बारा

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलानं पाइप स्ट्रेसचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आणून ठेवला. सगळ्या लोड केस पास. बावीस वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे एवढं सुरळीत काही दिसलं की मी आधी इनपुट उघडते. कॉलमच्या नोझलची, म्हणजे पाइप जोडतात त्या तोंडाची, उभी हालचाल त्यानं ३ मिलिमीटर भरली होती.

"हे ३ कुठून आणलेस रे?"

"मॅडम, कॉलम तापून नोझल १५ वर जातं, पाया १२ खचतो. वजा केले."

वजाबाकी बरोबर होती, पण हिशेब साफ चुकला होता.

पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. नोझल पायापासून १० मीटर उंच आणि कॉलम २५ अंशांवरून १५० वर गेला, की झाले १५ मिलिमीटर. गार झाला की परत खाली. प्रत्येक स्टार्टअपला आणि शटडाउनला ही ये-जा ठरलेली. पाया मात्र एकदाच खचतो, तोही सावकाश, आणि खचलेला वर येत नाही. प्लांट पहिल्यांदा तापतो त्या दिवशी हे सगळे १२ खचलेले नसतात, त्यामुळे पाइपला जवळजवळ पूर्ण १५ सोसावे लागतात. दहा वर्षांनी गार कॉलमचं नोझल मूळ जागेच्या १२ खाली असेल, तापल्यावर ३ वर. उणे १२ ते अधिक ३, म्हणजे फेरा १५चाच! खचण्यानं तो आखूड होत नाही, नुसता खाली सरकतो.

आणि पाइप थकतो तो फेऱ्यांनीच. तार पुढेमागे वाकवून तोडतो आपण, तसा. मार्कल यांनी १९५२ साली पाइपच्या बेंड आणि जोडांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांच्या सूत्रानुसार ताणाचा फेरा दुप्पट झाला तर आयुष्य बत्तिसाव्या हिश्श्यावर येतं. आमच्या पोरानं हा फेराच पाचपट कमी धरला होता.

खचण्याचा ताण वेगळ्या केसमध्ये, एकदाच येणारा म्हणून तपासायचा. अणुवीज केंद्रांच्या पाइपांसाठी एएसएमईच्या संहितेत त्याला स्वतंत्र मर्यादाच आहे: गार पाइपच्या मान्य ताणाच्या ३ पट.

पण मी त्या मुलावर चिडले नाही. सिव्हिलकडून त्याला मिळाला होता एक आकडा, १२. कधीपर्यंतचे १२, पाइप जोडण्याआधी किती आणि नंतर किती, काही नाही. उरण किंवा ठाणे खाडीचा काठ घ्या, भरावाखाली मऊ चिकणमाती आहे. तिच्यातलं पाणी पिळून निघायला वर्षं लागतात. तिथं तारखेशिवाय सेटलमेंटचा आकडा देणं म्हणजे महिना न सांगता पगार सांगणं.

एका टर्मिनलवर टाकी पाण्यानं भरून तपासण्याआधीच लाइन जोडून टाकली होती. घाई, दुसरं काय. टाकी भरली, बसली, नोझलनं पाइपला खाली ओढलं. पहिल्या सपोर्टवर इतका भार आला की बीमवरचा रंग तडकला होता, आणि दुसऱ्या सपोर्टवर पाइपचा शू, म्हणजे त्याच्या बुडाचा टेकू, बीम सोडून वर उचललेला. मी पेन्सिल आडवी सरकवली, ती आरपार गेली. पाणी भरून टाकी आधी बसू दिली असती, तर बरंचसं खचणं पाइप जोडण्याआधीच उरकलं असतं. ही काही नवी युक्ती नाही, पण बऱ्याच करारांत लिहिलेली नसते.

ती लिहावी, असं माझं म्हणणं आहे. मालकानं निविदेतच मागावं: सेटलमेंट तारखांसह द्या, टाकीची पाणी-चाचणी आधी, जोडणी नंतर. भू-तंत्र सल्लागाराचे यासाठी थोडे जास्त पैसे पडतील. पडू देत.

त्या मुलाला मी सिव्हिलला फोन लावायला सांगितला. तो बराच वेळ "हो सर, हो सर" करत होता. ठेवल्यावर म्हणाला, "आकडा पाहिजे तर बदलून देतो म्हणाले. तारीख कशाला हवी, विचारत होते."