शर्यत हलाल, पैज हराम

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या दोन्ही मुलांना बैलगाडी शर्यत बघायला घेऊन गेले. माहेरी, सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, गावची जत्रा होती. माझा भाऊ सोबत होता. परत सांगलीला आल्यावर आठवडाभर मी बोलणी खाल्ली. सासरच्या एका थोरल्या बाईंनी फोनवर विचारलं, "शिकवणारी बाई तू, आणि पोरांना जुगाराच्या जागी नेतेस?" शाळेतल्या सहकारी म्हणाल्या, "मुक्या जनावरांचे हाल मुलांना कशाला दाखवायचे?" मोहल्ल्यातल्या एका चाचांचा प्रश्न आणखी साधा होता. "बायकामाणसाचं तिथं काय काम?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत. सोप्यापासून सुरुवात करते.

चाचांना मी एवढंच सांगितलं, की ईदच्या दिवशी मस्जिद-ए-नबवीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) हजरत आयेशांना आपल्या आडोशाला उभं करून, त्यांचं मन भरेपर्यंत तो खेळ पाहू दिला. बुखारी शरीफमध्ये ही हदीस आहे. घरच्या माणसांना खेळ दाखवायला नेणं आपल्याकडे नवं नाही. शर्यतही नवी नाही. मदिनेत खुद्द प्रेषितांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयार केलेल्या घोड्यांना लांबचं अंतर आणि तयार नसलेल्यांना जवळचं, असे दोन वेगळे टप्पे ठरवले होते. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर त्यात स्वतः धावले होते. जनावराच्या ताकदीप्रमाणे अंतर ठरवायचं, ही अक्कल चौदाशे वर्षांपूर्वीची आहे. आज आपल्या मैदानात आदत आणि दुसा असे वयाचे गट वेगळे करतात, तेव्हा मला त्याच दोन टप्प्यांची आठवण होते.

सहकारी बाईंचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, त्या उगाच नाही. शेपट्या चावणं, खिळा टोचणं, बॅटरीचा शॉक देणं हे प्रकार होत होते. आमच्या भागातल्या कुणीही प्रामाणिक माणसाने ते नाकारू नये. राज्याने 2017 ला कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयाने अटी घालून शर्यतींना वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अंतर हजार मीटरच्या पुढे चालत नाही, काठी-चाबूक चालत नाही. कागद चांगला आहे. मैदानात त्यातलं किती उतरतं, ते बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर अवलंबून आहे.

माझे नाना नालबंद होते. बैलाला दोरांनी पाडून पत्र्या मारायचं काम त्यांचं. पाडलेल्या बैलाच्या डोळ्यावर ते आधी फडकं टाकायचे आणि मगच खिळ्याला हात घालायचे. जनावराच्या तोंडावर मारू नये, हे हदीस वाचायच्या आधी मला नानांच्या हातांनी शिकवलं. म्हणून मुलांना घेऊन मी आधी गेले ती गाड्या सुटायच्या जागी नाही, तर बैल बांधले होते तिथे. खिल्लार खोंडाच्या अंगाला हात लावला, तो काय खातो, किती वाजता उठतो, पोहायला कुठे नेतात, हे मुलांनी मालकाला विचारलं. त्या माणसाने आपल्या लेकराबद्दल सांगावं तसं सांगितलं. जनावराचे हाल मुलांपासून लपवून दया शिकवता येत नाही. हाल आणि माया, दोन्ही शेजारी शेजारी दिसली म्हणजे मूल फरक ओळखतं.

आता राहिला पहिला प्रश्न, आणि तिथे मी हरले.

सेमीच्या वेळी नऊ वर्षांच्या मुलाने माझी ओढणी ओढून विचारलं, "अम्मी, आपण कुणावर लावलेत?" आमच्या पुढे-मागे सगळीकडे पाचशेच्या नोटा हातातून हातात जात होत्या. त्याला वाटलं, हाच खेळ आहे. बैल पळतात ते त्यासाठीच.

मी भाषेची शिक्षिका. शब्द एकच आहे, अरबी 'शर्त'. उर्दूत आपण 'शर्त लगाना' म्हणतो, म्हणजे पैज मारणं. मराठीत त्याच शब्दाची 'शर्यत' झाली. जुन्या मराठीत तिचाही अर्थ पैज असा होता, पुढे तो धावण्यावर आला. भाषेने शे-दोनशे वर्षांत हे दोन अर्थ वेगळे केले. आपण मैदानात ते पुन्हा एक करतोय, आणि तेही मुलांदेखत.

काहीजण म्हणतील, मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात रेसकोर्सवर तर सरकारी परवान्याने घोड्यांवर पैसे लावतात, लोक सहकुटुंब जातात. खरं आहे. 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. पण न्यायालयापुढचा प्रश्न होता नशीब की कौशल्य. कुरआनने मयसिरला, म्हणजे जुगाराला, मनाई करताना कारण वेगळं दिलंय. त्याने माणसामाणसात वैर पडतं आणि माणूस अल्लाहच्या आठवणीपासून तुटतो. कौशल्याच्या घोड्यावर लावलेल्या पैशानेही घर मोडायचं तसंच मोडतं.

आयोजकाने किंवा एखाद्या दानशूराने स्वतःच्या खिशातून दिलेलं बक्षीस वेगळं. ते उलेमांनी जायज मानलंय. पण धावणाऱ्या सगळ्यांकडून गोळा केलेली रक्कम जिंकणाऱ्याला दिली, की ती जुगाराकडे झुकते. आपल्या भागात बैल पाळणारे, गाडी हाकणारे, जत्रा-उरुसाच्या कमिटीत बसणारे मुस्लिम कमी नाहीत. प्रवेश फी मैदानाच्या खर्चाला आणि बक्षीस देणगीतून, एवढं त्यांनी पाळलं, आणि पैजा लावणाऱ्यांना स्पीकरवरून नुसतं हटकलं, तरी पुष्कळ होईल.

मैदान टाळल्याने मात्र काही साधणार नाही. माझ्या नववीच्या वर्गातली जी मुलं कधी शर्यतीला गेली नाहीत, ती क्रिकेटच्या ॲपवर टीम लावत होती. 2025 ला केंद्राने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले, तेव्हा कुणाचे किती अडकले याचा हिशोब मधल्या सुट्टीत चालला होता. 'आपण कुणावर लावलेत' हा प्रश्न आपल्या घरांत मोबाइलमधून आधीच शिरलाय. त्या दिवशी मैदानात मुलाने तो मोठ्याने विचारला, म्हणून मला उत्तर तरी देता आलं. "आपण कुणावरच लावलेले नाहीत. आपण बघायला आलोय. जो पळेल तो आपला."

यंदाच्या जत्रेलाही आम्ही जाणार आहोत. शर्त दोनच कलमांची आहे: कुणी कशावर पैसे लावायचे नाहीत, आणि ज्या गाडीवानाच्या हातात काठी दिसेल त्याची गाडी पहिली आली तरी टाळी वाजवायची नाही.