भिंतीवरचे रिकामे शहर

१/
आज दिवाणखान्यांत, कॅफेंत आणि कचेऱ्यांच्या स्वागतकक्षांत एक चित्र हमखास आढळते: काळ्या-पांढऱ्या किंवा तपकिरी छटेतील शहर. ओला रस्ता, दगडी इमारत, धुक्यातले दिवे. माणूस मात्र एकही नाही. जुन्या मुंबईचे असे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की त्याखाली ठरलेला उद्गार उमटतो: ‘तेव्हाची मुंबई किती मोकळी, किती शांत होती!’ आजचा हा धागा त्या एका वाक्याच्या विरोधात आहे.

२/
आधी आकडा पाहू. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला अपूर्व भाव आला होता आणि पोट भरण्यासाठी माणसे शहरात लोटत होती. त्याच दशकातील अनेक छायाचित्रांत मात्र शहर ओस पडल्यासारखे दिसते. मग ही आठ लाख माणसे गेली कुठे? ती कुठेच गेली नव्हती. त्यांना चित्राबाहेर ठेवण्याचे काम दोन गोष्टींनी केले: तंत्राने आणि निवडीने.

३/
तंत्राची गोष्ट पॅरिसपासून सुरू होते. १८३८ मध्ये लुई दागेर याने आपल्या इमारतीच्या खिडकीतून ‘बुलव्हार द्यू ताँप्ल’ या रस्त्याचे चित्र घेतले. हा नाटकगृहांचा, घोडागाड्यांचा, सदैव गजबजलेला रस्ता. चित्रात तो रिकामा आहे, कारण प्लेटवर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटे लागत आणि जे हलले ते उमटलेच नाही. अपवाद एकाच कोपऱ्याचा. तिथे एक माणूस बुटांना पॉलिश करून घेत स्थिर उभा होता, म्हणून तो आणि त्याच्या पायाशी बसलेला कारागीर तेवढे उरले.

४/
पुढच्याच वर्षी तारायंत्राचा प्रवर्तक सॅम्युएल मोर्स याने पॅरिसमध्ये हे चित्र पाहिले आणि भावाला पत्र लिहिले. ज्या रस्त्यावर सतत वर्दळ असते, तो इथे निर्जन कसा दिसतो, याचे कारण त्याने तेव्हाच नोंदवले होते. म्हणजे चित्रातील रिकामा रस्ता हा यंत्राच्या मर्यादेचा परिणाम आहे, हे १८३९ च्या प्रेक्षकालाही ठाऊक होते. आपण ते विसरलो आहोत.

५/
आता निवडीकडे वळू. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार तिच्या आरंभीच्या काळात तिच्याशी निगडित होते. तरीही शहराची दृश्ये म्हणून जी छायाचित्रे जपली गेली आणि आज फ्रेममध्ये विकली जातात, त्यांचा भर कशावर आहे? किल्ल्याचा परिसर, एस्प्लनेड, राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय, व्हिक्टोरिया टर्मिनस. भुलेश्वर, मांडवी, कामाठीपुरा या वस्त्या त्यांत क्वचितच. मैदानासमोर नुकत्याच उभ्या राहिलेल्या सरकारी इमारती मोकळ्या दिसणारच. पण तो शहराचा एक काठ होता. त्या काठावरून साऱ्या मुंबईविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

६/
आणि माणसे? ती वेगळ्या ग्रंथात होती. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील रहिवाशांच्या ‘जाती-जमातीं’विषयी दोन सचित्र खंड प्रसिद्ध केले. त्यांतील बऱ्याच चित्रांत माणसांचे छायाचित्र एकीकडे घेतलेले आहे, मागचे दृश्य दुसरीकडचे आहे आणि दोन्ही जोडून एक चित्र सिद्ध केले आहे. माणूस हा ‘नमुना’ आणि शहर हा ‘देखावा’, अशी ही विभागणी होती. आजची भिंत त्यातला देखावा तेवढा उचलते.

७/
रिकाम्या रस्त्याच्या छायाचित्रामागे कधी कधी याहून गंभीर कारण असते. शार्ल मार्व्हिल हा १८६२ पासून पॅरिस शहराचा अधिकृत छायाचित्रकार होता. बॅरन ओसमान नव्या रुंद हमरस्त्यांसाठी जुन्या वस्त्या पाडत होता, आणि पाडण्यापूर्वी त्या गल्ल्यांची नोंद करण्याचे काम मार्व्हिलकडे आले. त्याने सुमारे सव्वाचारशे छायाचित्रे घेतली. ओल्या फरसबंदीच्या त्या सुंदर, सुन्या गल्ल्या आज ‘जुने पॅरिस’ म्हणून घरोघरी लटकतात. वस्तुतः ती पाडकामाच्या दप्तरातील कागदपत्रे आहेत.

८/
ग्लासगोचेही तेच. १८६६ च्या कायद्याने तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीच्या अरुंद बोळांची छायाचित्रे घेण्याचे काम ट्रस्टने टॉमस अॅनन याला दिले. १८६८ पासून त्याने ती घेतली. त्यांत दारांत, जिन्यांवर माणसे उभी आहेत. काही हलल्यामुळे धुरकट झाली आहेत. त्या धूसर आकृती म्हणजे ज्यांची घरे लवकरच जाणार होती असे भाडेकरू. आज ती छायाचित्रे कलाकृती म्हणून संग्रहालयांत आहेत आणि कलाकृती म्हणून ती थोरच आहेत. परंतु त्यांचा जन्म कशासाठी झाला हे सांगितल्याशिवाय ती दाखवणे म्हणजे अर्धसत्य दाखवणे होय.

९/
हा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये, जवळपास तेच नाव घेऊन, ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड (आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग), प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामळदास गांधी मार्ग) यांसारखे रुंद रस्ते दाट वस्ती कापून काढले गेले. १८९१ मध्ये शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. त्या दशकात शहर खरोखरच थोडे ‘मोकळे’ झाले होते. ते कशामुळे, हे वेगळे सांगायला नको.

१०/
प्लेगच्या काळात सरकारी कामाची छायाचित्रेही घेतली गेली. त्यांत मुंबईचा सामान्य माणूस भरपूर दिसतो: रुग्णालयातील खाटेवर, तपासणीच्या वेळी, घरांची झडती आणि सफाई चालू असताना. ही छायाचित्रे कुणी दिवाणखान्यात लावत नाही, आणि लावावीत असे माझेही म्हणणे नाही. पण तोच कॅमेरा, तेच शहर आणि तोच काळ असताना एक संच ‘वारसा’ ठरतो आणि दुसरा अभिलेखागारात पडून राहतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

११/
आता वर्तमानाकडे. दागेरपुढे इलाज नव्हता. आजच्या छायाचित्रकारापुढे आहे. सेकंदाच्या सहस्रांशात चित्र टिपणारा कॅमेरा हातात असताना तो लेन्सवर गडद फिल्टर चढवतो, मिनिटभर एक्स्पोजर देतो आणि गर्दी पुसून टाकतो. एकाच जागेच्या अनेक फ्रेम संगणकात एकत्र करून हलणारी माणसे वगळण्याचीही सोय आहे. आंद्रेआस गुर्स्की याच्या ‘ऱ्हाइन २’ या १९९९ च्या छायाचित्रातून नदीकाठची वास्तू आणि ये-जा करणारी माणसे संगणकावर हटवण्यात आली. २०११ मध्ये त्याची प्रत ४३ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. एके काळी जी तंत्राची उणीव होती, ती आज अभिरुची झाली आहे, आणि त्या अभिरुचीला भाव आला आहे.

१२/
यावर एक आक्षेप येईल आणि तो गैर नाही. दिवसभर लोकलच्या गर्दीत घुसमटलेल्या माणसाने घरी येऊन भिंतीवर थोडी शांतता पाहिली, तर कुणाचे काय बिघडले? घर म्हणजे संग्रहालय नव्हे. मान्य. शांततेची ओढ खरी आहे आणि सौंदर्याला कारणे विचारू नयेत. माझा विरोध चित्राला नाही, त्यातून काढलेल्या निष्कर्षाला आहे. ‘माणसे नव्हती तेव्हा शहर सुंदर होते’ हे वाक्य वरवर स्मरणरंजन वाटते. पण त्याचा पुढचा टप्पा ‘माणसे हटवली की शहर सुंदर होईल’ हाच असतो. फेरीवाला, पाटीवाला, झोपडीत राहणारा हे त्या चित्रातले ‘डाग’ ठरतात, आणि ट्रस्टचा तर्क पुन्हा नव्याने मांडला जातो.

१३/
दोष दीर्घ एक्स्पोजरचाही नाही. सेबास्तियाओ साल्गादो यांनी १९९५ मध्ये चर्चगेट स्थानकात घेतलेले छायाचित्र पाहा. तिथेही माणसे हलली आहेत, धूसर झाली आहेत. पण ती नाहीशी झालेली नाहीत. फलाटावरून त्यांचा प्रवाह वाहतो आहे. रघुबीर सिंह यांनी रंगीत छायाचित्रांतून मुंबईचे जे दर्शन घडवले, त्यात काचा, आरसे, वाहने आणि माणसे एकमेकांत मिसळलेली आहेत. त्या चौकटींत गर्दी आहे आणि सौंदर्यही आहे. म्हणजे निवड करता येते. ती छायाचित्रकाराला करता येते आणि विकत घेणाऱ्यालाही.

१४/
एक शेवटचे उदाहरण. बेरेनीस अॅबट हिने न्यूयॉर्कच्या बदलत्या रूपाची छायाचित्रे घेतली आणि १९३९ मध्ये ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ हा ग्रंथ निघाला. एलिझाबेथ मॅकॉसलँड हिने त्यासाठी विचारपूर्वक मजकूर लिहिला होता. प्रकाशकाने तो बदलून पर्यटकांच्या मार्गदर्शिकेसारखा केला. छायाचित्रे तीच राहिली. त्यांचे बोलणे बदलले. भिंतीवरच्या प्रिंटखाली तर एक ओळही नसते. तिथे छायाचित्राला बोलूच दिले जात नाही.

१५/
म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्या प्रत्येकाला एकच आग्रह. शहराचे जुने छायाचित्र घरात जरूर लावा, पण आधी त्याला चार प्रश्न विचारा. हे कुणी घेतले? कोणत्या साली? कुणाच्या सांगण्यावरून? आणि त्या वेळी चौकटीबाहेर कोण होते? मिळालेली उत्तरे चार ओळींत लिहून फ्रेमच्या मागे चिकटवा. विक्रेत्याला पहिल्या दोन प्रश्नांचीही उत्तरे देता येत नसतील, तर तो तुम्हाला इतिहास विकत नाही, फक्त तपकिरी रंग विकतो आहे. आणि पुढच्या वेळी कुणी ‘किती मोकळी होती मुंबई’ असे लिहिले, तर त्याखाली शांतपणे एवढाच आकडा लिहा: ८,१६,५६२.