दुचाकीला आणि पिकअपला एकच फोन, पण कोणता?

आजची नोंद फवारणीची नाही, खताचीही नाही. रस्ता दाखवणाऱ्या फोनची आहे. शेताच्या पानावर फोन कशाला, असं वाटेल. पण गेल्या वर्षभरात या एका वस्तूने माझं जेवढं नुकसान केलं, तेवढं एखाद्या चुकलेल्या फवारणीनेही केलं नसेल. चूक फोनची नव्हती, माझीच होती. तीच लिहितो.

माझ्याकडे एक मोटरसायकल आणि एक जुनी पिकअप. डाळिंबाचे दोन प्लॉट. एक घराजवळ, दुसरा माण नदीच्या पलीकडे मेव्हण्याच्या गावात, वाट्याने केलेला. फोन मात्र एकच. सकाळी हँडलवर, दुपारी पिकअपच्या काचेपाशी, संध्याकाळी खिशात.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मृग बहाराचा माल तोडला होता, ५५ क्रेट. पहाटे मोटरसायकलवर पलीकडच्या प्लॉटवर गेलो. पिकअप आदल्या रात्रीच तिथे भरून लावली होती. नेहमीच्या रस्त्यावर मोरीचं काम चाललेलं, म्हणून फोनवर मार्केटचा रस्ता लावला, फोन हँडलवरून काढून पिकअपमध्ये अडकवला आणि निघालो. चार किलोमीटर गेलो आणि समोर कोल्हापुरी बंधारा. बर्गे घातलेले, पाणी तुंबलेलं, वरचा स्लॅब मोटरसायकल जाईल एवढाच. पहाटे येताना नकाशा दुचाकीवर ठेवला होता आणि तो तसाच राहिला होता. फोनने त्याचं काम चोख केलं, मोटरसायकलचा रस्ता दाखवला. खाली मोटरसायकल नव्हती, एवढंच.

मेव्हण्याला फोन लावला तर तो हसायला लागला. "दाजी, बंधाऱ्यावरनं टेम्पो न्यायचा इचार हाय का?" हसू मलाही आलं, पण ते नंतर. त्या वेळी दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी, गाडी वळवायला जागा नाही, अंधारात पाऊण किलोमीटर रिव्हर्स. मार्केटला पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त सौदे उरकले होते. शेजारच्या गड्याचा तसाच माल वेळेत लागला होता. त्याच्यापेक्षा मला किलोमागे १२ रुपये कमी मिळाले. अकराशे किलोचे १३,२०० रुपये. एक खूण बदलायची राहिली, त्याचा हा दंड.

यातली पहिली गोष्ट अशी, की दुचाकीचा रस्ता आणि चारचाकीचा रस्ता वेगळा असतो, हे आपल्याला कळतं, फोनला सांगावं लागतं. गुगलने भारतात दुचाकीसाठी वेगळा मोड डिसेंबर २०१७ मध्ये आणला. चांगली सोय आहे, बोळातून, आडवाटेने वेळ वाचतो. पण फोन एका गाडीवरून दुसरीवर गेला, हे फोनला कळत नाही. आणि चारचाकीच्या मोडवरही डोळे झाकून विसंबू नका. तिथे कार धरलेली असते. क्रेटची थप्पी किती उंच आहे, रेल्वेच्या भुयारी मोरीखालून ती जाईल का, ट्रॉली त्या वळणावर वळेल का, हे त्याला ठाऊक नसतं. ते आपल्यालाच बघायचं. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरकडे जाणाऱ्यांनी तर आधी माणसाला विचारावं, मग फोनला.

दुसरं नुकसान जास्त मोठं आणि ते उशिरा कळलं.

यंदा ऑगस्टमध्ये नवीन बहाराच्या पानांवर डाग दिसले. छोट्या फळांवरही दोन-चार ठिकाणी. तेलकट डाग की बुरशीचा ठिपका, माझ्या नजरेला नक्की सांगता येईना. आमचे सल्लागार साहेब चाळीस किलोमीटरवर राहतात. ते नेहमी म्हणतात, फोटो जवळून काढा, पान उजेडासमोर धरा. तसेच काढले, दहा-बारा पाठवले. साहेबांचा फोन आला, "अहो, हे सगळे हललेले आहेत. डागाची कड दिसत नाही. पाणी धरल्यासारखा आहे का, तेवढं तरी सांगा." पुन्हा काढले, पुन्हा तेच. फोन हातात स्थिर, आतली लेन्सच थरथरत होती.

दुरुस्तीवाल्या पोराने फोन हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "काका, गाडीच्या हँडलवर लावता का?"

हँडलमुळेच बिघडला असं मी शपथेवर सांगणार नाही. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. हल्लीच्या बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात लेन्स स्थिर ठेवायला बारीक यंत्रणा असते. हात हलला तर ती लेन्स उलट दिशेला हलवून फोटो सावरते. ही नाजूक यंत्रणा सतत कंप खात राहिली तर तिची कामाची ताकद कमी होऊ शकते. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या फोनबद्दल हेच जाहीर सांगितलं, की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलवर फोन लावू नका आणि स्कूटर-मोपेडवर लावायचाच तर कंप शोषणारा स्टँड वापरा. माझा फोन त्या कंपनीचा नाही आणि माझी गाडीही फार ताकदीची नाही. पण आमच्या शिवारातला रस्ता बघता इंजिनाचा कंप कमी पडला तरी खडी भरून काढते.

आता विचार करा, हा कॅमेरा आपल्याला कशाला लागतो? लग्नातले फोटो जाऊ द्या. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, त्यात पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढायचा. गारपिटीसारखं स्थानिक नुकसान झालं तर पीकविम्यासाठी ७२ तासांत कळवायचं, तेव्हाही फोटो हाताशी हवेत. रोग ओळखायला फोटो. व्यापाऱ्याला मालाचा रंग दाखवायला फोटो. म्हणजे जो कॅमेरा आपला साक्षीदार आहे, तोच आपण रोज खडीवर आपटवत होतो. विळा दगडावर घासून मग धार का गेली विचारावं, तसला प्रकार.

फोटो कळेनात म्हणून साहेब शेवटी स्वतः निघाले, त्यांच्या कारने. मी लोकेशन पाठवलं, प्लॉटच्या मधोमध उभं राहून. साहेब पोचले ओढ्याच्या पलीकडच्या काठाला. मी त्यांना दिसतोय, ते मला दिसतायत, मध्ये छातीभर पाणी. नकाशा खुणेच्या सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतो. तो रस्ता ओढ्याच्या कोणत्या बाजूला आहे, ते खुणेत लिहिलेलं नसतं. वळसा घालून यायला अर्धा तास गेला. डाग तेल्याचाच निघाला. आठ दिवस आधी कळलं असतं तर रोगट पानं-फळं काढून जाळायचं काम एका ओळीत भागलं असतं. आम्ही सहा ओळी काढल्या.

तर आता माझं मत. दुचाकीला आणि चारचाकीला रस्ता दाखवणारं यंत्र एकच असावं, यात मला काही वावगं वाटत नाही. दोन यंत्रं ठेवली की खुणा एकात राहतात, आपण दुसरं घेऊन निघतो. पण ते यंत्र म्हणजे आपला रोजचा फोन नसावा. दोन्ही गाड्यांना एक चालेल, सगळ्या कामांना एक चालणार नाही.

लेक म्हणाला, दुचाकीसाठीचं खास यंत्र घेऊ. गार्मिनसारख्या कंपन्यांची अशी यंत्रं येतात, पाण्या-धुळीला टिकतात, हातमोजे घालून चालतात, कारमध्येही लावता येतात. लांब पल्ल्याला फिरणाऱ्याने जरूर घ्यावं. पण आपला रस्ता येतो व्हॉट्सॲपवरून. व्यापारी लोकेशन पाठवतो, रोपवाटिकेवाला पाठवतो, ते बोट लावलं की उघडायला हवं. म्हणून मी घरात पडलेला जुना फोन काढला. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला सिमकार्ड लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. तालुक्याचा आणि शेजारच्या दोन तालुक्यांचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवला. नेट नसताना जागा सापडायला सुरुवातीला थोडा वेळ लागतो, मग व्यवस्थित चालतं. लोकेशन उघडायचं असेल तर खिशातल्या फोनचं हॉटस्पॉट देतो. खराब व्हायचा असेल तर हा होऊ दे.

तुम्ही म्हणाल, जुन्या फोनची बॅटरी? बरोबर आहे. फुगलेली बॅटरी असेल तर तो फोन अजिबात वापरू नका. आणि एप्रिल-मे महिन्यात काचेमागे फोन ठेवून गाडी उन्हात उभी करू नका. उन्हात तापलेला फोन चार्जिंगला लावणं तर त्याहून वाईट. मी उतरलो की फोन काढतो.

आता माझ्याकडे जे चाललंय ते असं.

स्टँड दोन, फोन एक. हँडलवर रबर असलेला स्टँड, पिकअपमध्ये साधा. फोन एका स्टँडवरून दुसऱ्यावर गेला की पहिलं बोट मोडवर. हे काम मी चावी फिरवायच्या आधी करतो, नंतर नाही. पिकअपच्या स्टँडवर पोरीने खडूने 'टेम्पो' लिहून ठेवलंय. बायकोने विचारलं, "हे वाचायला लागतं का तुम्हाला?" लागतं बाई, १३,२०० रुपयांचं अक्षर आहे ते.

प्रत्येक प्लॉटच्या खुणा दोन. एक दुचाकीची, बांधावरच्या फाटकापाशी. एक टेम्पोची, जिथून मोठी गाडी वळू शकते त्या फाट्यावर. खूण करताना प्लॉटच्या मधोमध उभं राहायचं नाही, गाडी जिथे थांबवायची तिथे जाऊन उभं राहायचं. टेम्पोच्या खुणेचा प्लस कोड घरातल्या सगळ्यांकडे लिहून दिलाय. पूर्ण कोड साधारण १४ मीटर लांबी-रुंदीची जागा दाखवतो आणि साध्या मेसेजनेही पाठवता येतो. रात्री कुणाला पान लागलं आणि १०८ ची गाडी बोलवायची वेळ आली तर ओढ्याच्या पलीकडे गाडी उभी राहून चालणार नाही.

चालवताना फोन हातात घ्यायचा नाही. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत वाहन चालवताना फोन फक्त रस्ता बघायला, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायला मुभा आहे. मोटरसायकलवर माझा नियम त्याहून कडक, बघायचं तर कडेला थांबून बघायचं.

आणि शेवटचं, या खुणांवरून बांधाची भांडणं करू नका. मोकळ्या आभाळाखाली चांगल्या फोनचं लोकेशन साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतं, म्हणजे सोळा फूट. गुंठ्याची बाजूच ३३ फुटांची. वाट शोधायला पाच मीटर पुरे, बांध ठरवायला नाही. त्याला सरकारी मोजणी.

सल्लागार मंडळींनाही एक विनंती. शेतकऱ्याकडून लोकेशन मागताना "लोकेशन टाका" एवढंच म्हणू नका. "माझी कार जिथे उभी राहील, तिथे जाऊन टाका" असं सांगा. तेवढ्या एका वाक्याने तुमचा अर्धा तास वाचेल आणि एखाद्याच्या चार-पाच ओळी.

कॅमेरा दुरुस्त करून घेतलाय. आता तो खिशातच असतो. काल साहेबांना नवीन पालवीचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "कड स्पष्ट दिसतेय. पानं स्वच्छ आहेत."