वेग कमी, म्हणून नियम नाहीत?

लोणावळा, खंडाळा आणि पवना परिसरातील रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना खोलीपर्यंत नेणारी गोल्फ कार्ट आता नवी राहिलेली नाही. आवाज नाही, धूर नाही, वेगही बेताचा. त्यामुळे ती फाटकाबाहेर नेऊन जवळच्या दुकानापर्यंत किंवा धरणाच्या रस्त्यावर चक्कर मारण्यात काही गैर आहे, असे अनेकांना वाटत नाही. कायदा मात्र या गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले खास वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणून रिसॉर्टच्या आवारात गोल्फ कार्टला नंबर प्लेट लागत नाही. ही सवलत आवारापुरती आहे. वेग कमी असल्याबद्दल मिळालेली नाही. जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे, अशा रस्त्यावर गाडी आली की नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना हे तिन्ही लागतात.

गोंधळ होतो तो ‘ताशी २५ किलोमीटर’ या आकड्यामुळे. केंद्रीय नियमांत विजेवर चालणाऱ्या काही वाहनांना नोंदणीतून सूट आहे. पण त्यासाठी वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, अशा अटी एकत्र पाळाव्या लागतात. चार-सहा माणसे नेणारी गोल्फ कार्ट त्यात बसत नाही. ई-रिक्षाला २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात जागा मिळाली, पण ती तीनचाकी. शिवाय नोंदणीसाठी वाहनाचे मॉडेल पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीत उतरलेले असावे लागते. गोल्फच्या मैदानासाठी बनवलेली गाडी सहसा या वाटेने आलेलीच नसते.

हा केवळ कागदपत्रांचा प्रश्न नाही. या गाडीला दारे नसतात आणि अनेकदा सीट बेल्टही नसतो. वळणावर लहान मूल किंवा वृद्ध प्रवासी बाहेर फेकला गेला, तर डोके थेट डांबरावर आपटते. बहुतेक गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाके घसरू लागतात. पावसाळ्यातील मावळच्या ओल्या उतारावर हे अधिकच धोक्याचे.

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर मागून ताशी ८० किलोमीटरने मोटार येत असेल आणि पुढे गोल्फ कार्ट ताशी २५ ने चालली असेल, तर दोघांमधले ६० मीटर अंतर चार सेकंदांत संपते. धुक्यात किंवा मागचा दिवा नसताना तेवढाही वेळ मिळत नाही. संथ गाडी इथे सुरक्षित राहत नाही, ती अडथळा बनते.

अपघात झालाच, तर विमा नसल्याने जखमी पादचाऱ्याच्या भरपाईचा भार मालक आणि चालकावर येतो. त्यांची ऐपत नसेल, तर जखमीच्या कुटुंबावर. गाडी अल्पवयीन मुलाने चालवली असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

अमेरिकेने १९९८ मध्ये यावर मधला मार्ग काढला. ताशी साधारण ३२ ते ४० किलोमीटर वेगाच्या छोट्या चारचाकींचा वेगळा वर्ग केला आणि दिवे, आरसे, पुढची काच, सीट बेल्ट सक्तीचे केले. जवळचे उदाहरण माथेरानचे. मोटारींना बंदी असलेल्या या गिरिस्थानी सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षा आल्या, त्या प्रायोगिक तत्त्वावर आणि मर्यादित संख्येने. हातरिक्षा ओढणाऱ्यांची त्या अमानुष कष्टातून सुटका व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.

मावळातही पर्यटनस्थळी गर्दी आणि धूर कमी करायला अशी वाहने उपयोगी पडतील. त्यासाठी आधी रस्ते, थांबे आणि वेग ठरवावे लागतील आणि चाचणीत उतरलेली वाहनेच घ्यावी लागतील. तोवर गोल्फ कार्टची हद्द रिसॉर्टच्या फाटकापाशी संपते. पाहुण्यांना हे सांगणे आणि चावी मुलांच्या हाती न देणे, एवढे तर व्यवस्थापनाला आजच करता येईल.