'निसर्ग कोपला' हे वाक्य जरा बाजूला ठेवूया

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, 'पूरग्रस्ताचे मनोगत' हा निबंध आपल्याकडे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या इयत्तेला असतोच. वही उघडली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'निसर्ग कोपला' हजर! मग नदी रौद्र रूप धारण करते, होत्याचे नव्हते होते आणि शेवटी शासनाची मदत येते. अक्षर छान, शुद्धलेखन बरोबर, दहापैकी आठ गुण. मुलांचा यात काही दोष नाही. गाइडमध्ये हेच असतं आणि फळ्यावरच्या मुद्द्यांतही बहुतेक हेच असतं.

माझी तक्रार त्या एका वाक्याबद्दल आहे. निसर्ग कोपला म्हटलं की विषय संपतो. दरवेळी तो खालच्याच आळीवर का कोपतो, वरच्या आळीला कधी का शिवत नाही, हे विचारायची गरजच उरत नाही. पाचवीतलं पोर हे विचारू शकतं. पण आपण त्याच्या हातात आधीच उत्तर देऊन ठेवलेलं असतं.

चिपळूणचंच उदाहरण घ्या. २२ जुलै २०२१ च्या पहाटे बाजारपेठेत पाणी शिरलं आणि बघता बघता तळमजले बुडाले. लोक माळ्यावर, गच्चीवर चढून बसले. २६ जुलै २००५ ची खूण ज्यांच्या भिंतीवर होती, त्यांनी सामान त्या खुणेच्या वर ठेवलं होतं. पाणी कित्येक ठिकाणी तीही खूण ओलांडून गेलं. गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. त्याची पुस्तकं २००५ ला भिजली आणि २०२१ ला पुन्हा भिजली. त्या जुलैत प्राथमिक शाळा कोरोनामुळे बंदच होत्या. मुलांचा अभ्यास मोबाइलवर होता, तो मोबाइलही अनेक घरांत चिखलात गेला.

आता हे नुसतं 'कोपला' म्हणून सोडून द्यायचं का? गावाची रचना बघा. एका बाजूने वाशिष्ठी, आणि वस्तीच्या मधून येऊन तिला मिळणारी शिव नदी. मागे सह्याद्रीची भिंत, म्हणजे घाटात पडलेलं पाणी उतारावरून थोड्या वेळात खाली. पुढे दाभोळची खाडी. दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचे दिवस. समुद्राला भरती असताना नदीचं पाणी खाडीत पटकन रिकामं होत नाही, ते मागे तुंबतं. त्यात पात्रात वर्षानुवर्षं साठलेला गाळ. शिवाय कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला येतं, वीज तयार करतं आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच उतरतं. त्या पहाटे त्याचा वाटा किती होता यावर खूप वाद झाला. तो वाद मुलांपुढे वाद म्हणूनच मांडावा. पण गाळाचं तसं नाही, गाळ डोळ्यांना दिसतो. लोकांनी गाळ काढा म्हणून उपोषण केलं आणि २०२२ मध्ये वाशिष्ठी-शिवच्या पात्रातून यंत्रांनी तो उपसायचं काम सुरू झालं. निसर्गाच्या कोपावर कोणी उपोषण करत नाही हो! लोकांना कारण कळलं होतं, म्हणून ते बसले.

आता गणिताच्या तासाचं बोलतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लीटर पाणी. हे मुलांना ताटात पाणी ओतून दाखवता येतं. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तिथे १०० मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लीटर, म्हणजे पाण्याचा एक टँकर. एकरभर जागेवर चाळीस टँकर! माती, गवत, झाडं असतील तर त्यातलं काही पाणी मुरतं, काही थांबत थांबत येतं. तिथेच पत्रे, स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि डांबर असेल तर चाळीसच्या चाळीस टँकर जवळजवळ एकदमच ओढ्याकडे निघतात. आणि ओढ्यावरच्या मोरीचा पाइप तसाच, पूर्वीएवढा. हा हिशोब सहावीची मुलं एका तासात करतात आणि नंतर पावसाच्या बातमीतला आकडा ऐकला की कान टवकारतात.

भाषेच्या तासालाही यात काम आहे. कोकणात पऱ्या म्हणतात, वहाळ म्हणतात, घाटावर ओढा म्हणतात. गाव वाढलं की त्याच पाण्याला लोक नाला म्हणायला लागतात, आणखी दहा-वीस वर्षांनी गटार. ओढ्यावर बांधायला माणूस थोडा तरी बिचकतो. गटारावर स्लॅब टाकून टपरी लावायला कोणाची हरकत? पुण्याचा आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून असा काही आला की सीमाभिंती कोसळल्या, माणसं गेली. तो ओढा आहे हे त्या रात्री अनेकांना नव्याने कळलं.

इथे एक अडचण आहे, ती लपवून उपयोग नाही. ओढ्याकाठची घरं आपल्याच विद्यार्थ्यांची असतात. वर्गात 'अतिक्रमण' शब्द उच्चारला की चार माना खाली जातात. म्हणून हा शब्द मी वर्गात वापरत नाही आणि तुम्हीही जपून वापरा. खालची जागा स्वस्त मिळते म्हणून माणूस तिथे राहतो. पूररेषांचंही तसंच. २५ वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी. कागदावर हे बरोबर वाटतं, पण जुनी बाजारपेठच रेषेच्या आत आली तर त्या दुकानदाराने, घरमालकाने जायचं कुठे? चिपळुणात या रेषांना विरोध झाला तो उगीच नाही. माझ्या मते रेषा हव्यातच. पण रेषा आखणाऱ्यांनी पुढची जागाही दाखवली पाहिजे.

काही जण म्हणतात, एवढ्या लहान मुलांना हे कशाला, घाबरतील. ज्या मुलाने आजीला पाठीवर घेऊन जिना चढणारा बाप पाहिलाय, त्याला आपण काय नवीन घाबरवणार? उलट पाणी कुठून आलं हे कळलं की भीती थोडी आटोक्यात येते. पुढच्या वेळी कुठे पळायचं हेही कळतं.

तर विनंती एवढीच. निबंध राहू द्या, गुणही तेवढेच राहू द्या, फक्त मुद्दे बदला. आपल्या गावातला ओढा कुठून येतो. तो कुठे अरुंद होतो आणि तिथे काय बांधलंय. मागच्या पुरात पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून. आणि त्या वेळी घरातल्या कोणी सगळ्यात आधी काय उचललं. शेवटचा मुद्दा दिलात की वह्या वाचताना तुमचा चहा गार होईल, सांगून ठेवतो. ओढ्यावर मुलांना न्यायचं असेल तर पावसाळ्यात अजिबात नको. एप्रिलच्या सकाळी न्या, तेव्हा पात्र कोरडं असतं आणि अडकलेला गाळ, पिशव्या, बुजलेली मोरी सगळं उघडं दिसतं.