भय उरले, बलिदान गेले

‘दि एक्झॉर्सिस्ट’सारखे चित्रपट ख्रिस्ती कुटुंबाने पाहावेत की पाहू नयेत, एवढ्यावरच आपल्या घरांतील चर्चा थांबते. पालक म्हणतात, असले अभद्र घरात नको. मुले म्हणतात, यात तर आपला क्रूसच जिंकतो! माझा वाद दोघांशीही आहे.

आधी मूळ कृती पाहू. विल्यम पीटर ब्लॅटी हा येशूसंघीयांच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात शिकलेला कॅथलिक लेखक. विद्यार्थिदशेत, १९४९ साली, मेरिलँडमधील एका मुलाच्या भूतबाधेची बातमी त्याने वाचली आणि पुढे १९७१ मध्ये त्या विषयावर कादंबरी लिहिली. विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९७३ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेत झळकला. त्यात किळसवाणे पुष्कळ आहे. क्रूसाच्या विटंबनेचे दृश्य मला आजही असह्य होते. परंतु कथेचा कणा निराळा आहे. फादर कॅरस हे मनोविकारतज्ज्ञ असलेले धर्मगुरू. एकाकी मरण पावलेल्या आईच्या आठवणीने ते खचले आहेत, त्यांची श्रद्धा डळमळली आहे. मुलीला बाधा झाली हे ते सहजी मानत नाहीत. आधी पुरावा, मग बिशपांची अनुमती. अखेरीस, तिला सोडून माझ्यात ये, असे सैतानाला आव्हान देऊन ते खिडकीतून स्वतःला झोकून देतात आणि परक्याची लेक वाचते. पायऱ्यांच्या तळाशी पडलेल्या या मित्राला दुसरा धर्मगुरू पापक्षमा देतो. ती भूमिका करणारे फादर विल्यम ओमॅली प्रत्यक्षातही येशूसंघीय होते. ही आत्महत्या की आत्मार्पण, यावर कोणी वाद घालील. ब्लॅटीला मात्र आत्मार्पणच अभिप्रेत होते, आणि शेवटी सैतान जिंकला असा काही प्रेक्षकांचा समज झाल्याची त्याला खंत होती.

ऱ्हासाची सुरुवात मात्र याच चित्रपटात झाली होती. या निष्पाप मुलीलाच का, या प्रश्नावर दोन धर्मगुरू जिन्यात बोलतात. सैतानाचे खरे लक्ष्य पाहणारे आहेत. आपण देवाच्या प्रेमाला पात्रच नाही असे त्यांना वाटावे, हा त्याचा डाव, असे ते संभाषण. १९७३ मध्ये फ्रीडकिन यांनी ते कापले. चित्रपटाचा आत्माच कात्रीखाली गेला!

पुढची वाट उताराचीच होती. १९७७ च्या दुसऱ्या भागात टोळधाड आणि संमोहनाचे यंत्र आले. १९९० मध्ये ब्लॅटीने आपल्या ‘लीजन’ कादंबरीवर स्वतः तिसरा भाग दिग्दर्शित केला, तेव्हा नावात एक्झॉर्सिस्ट आहे तर भूत काढण्याचा प्रसंग हवाच, असा निर्मात्यांनी हट्ट धरला आणि एक धर्मगुरू मागाहून ठिगळासारखा जोडला. पॉल श्रेडर यांनी श्रद्धा हरवलेल्या तरुण फादर मेरिनची कथा संयमाने चित्रित केली, तर ती पुरेशी भीतिदायक नाही म्हणून बाजूला ठेवण्यात आली. दुसऱ्या दिग्दर्शकाकडून जवळजवळ सारे पुन्हा चित्रित करून तो चित्रपट २००४ मध्ये आणला गेला. श्रेडर यांचा चित्रपट २००५ मध्ये उजेडात आला. रंगभूमी झाली, २०१४ मध्ये बी.बी.सी. रेडिओ झाला (तिथे गरगर फिरणारे डोके दाखवता येत नाही, हे एक समाधान!), २०१६-१७ मध्ये दूरचित्रवाणी मालिका झाली. नव्या चित्रत्रयीच्या हक्कांसाठी सुमारे चाळीस कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या. त्यातून निघालेल्या २०२३ च्या चित्रपटात धर्मगुरू उशिरा आत येतो आणि मान पिरगाळली जाऊन मरतो. त्याच्या मरणाने कोणाचीही सुटका होत नाही. निरनिराळ्या पंथांचे लोक तिथे एकत्र प्रार्थना करतात, याला माझा आक्षेप नाही. त्या खोलीत झगा आहे, तीर्थजल आहे, क्रूस आहे. दुसऱ्यासाठी स्वतःला देणारे मात्र कोणी नाही.

मुलांनो, या क्रूसाला तुम्ही विजयी म्हणता? ते तर मांत्रिकाच्या हातातले हत्यार झाले. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार बिशपांच्या स्पष्ट अनुमतीविना हा विधी करता येत नाही, आणि १९९९ च्या सुधारित विधिग्रंथाने त्याचा तमाशा होऊ देण्यास मनाई केली आहे. पडद्यावर उरला आहे तो नेमका तमाशाच.

आणि पालकहो, बंदीने काय साधणार? मोठी झालेली मुले पाहणारच असतील, तर २००० सालची आवृत्ती पाहा. जिन्यातले संभाषण तिच्यात परत घातले आहे. तेथे चित्रपट क्षणभर थांबवा आणि मुलांशी बोला.