दीड हजारांची किंमत टिकवा

लोणी देवकरसारख्या गावात राज्य सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये किराणा, औषध आणि मुलांच्या वह्यांत जातात. ही उधळपट्टी नव्हे. घरात स्वतःचा म्हणावा असा पैसा बाईच्या हाती येणे मोलाचेच आहे, आणि हा आधार काढून घ्यावा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

प्रश्न त्या पैशाच्या किमतीचा आहे. जून २०२४ मध्ये अजित पवारांनी योजना जाहीर केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात देशातील खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्क्यांवर गेली होती. पुढे ती उतरली. पण दरवाढ सरासरी पाच टक्के धरली, तरी तीन वर्षांत दीड हजारांचे मोल तेराशेच्या खाली येते.

उत्तर म्हणून २१०० रुपयांच्या निवडणूक-आश्वासनाकडे बोट दाखवले जाते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६ हजार कोटी होते, महसुली तूट ४५,८९१ कोटी. लाभार्थी तेवढेच राहिले, तर २१०० साठी पन्नास हजार कोटींवर रक्कम लागेल. ती कर्जातून आली, तर व्याजाचा भार सिंचन आणि रस्त्यांच्या निधीवरच पडणार.

त्यापेक्षा रक्कम दरवर्षी महागाई निर्देशांकानुसार वाढवावी. सोबत रेशनवर डाळ-तेल नियमित द्यावे, कांदाचाळींना आणि शीतगृहांना ठोस तरतूद करावी. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत स्थानिक महिलांना कायम रोजगार मिळेल, यासाठी प्रशिक्षणाचा खर्चही राज्याच्या अर्थसंकल्पात हवा.